न छेडलेला गंधार

पनवेलला वडाळे तळ्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका कौलारू घराच्या माजघरात मी नऊ वर्षे गाणे शिकलो. शिकलो म्हणणे धाडसाचे आहे. बाईंनी शिकवले आणि मी तेथे उपस्थित राहिलो, इतकेच. तानपुरा जुळवून झाला की बाई डोळे मिटून काही वेळ तो नुसताच छेडत बसत आणि मग विचारीत, "गंधार ऐकू येतो का रे?" मी "हो" म्हणत असे. ते खोटे होते.

ज्यांचा गाण्याशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. तानपुऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा मंद्र पंचमात, मधल्या दोन, म्हणजे जोड, षड्जात आणि शेवटची खर्जात. गंधाराची तार त्यात नसतेच. तरीही उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून, विशेषतः खर्जाच्या तारेतून, गंधार उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याचे कारण गूढ नाही. तार जशी पूर्ण लांबीने कंप पावते, तशीच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावत असते. खर्ज सेकंदाला 120 कंपनांचा धरला तर त्याच्या पाचपट, म्हणजे 600 कंपनांचा उपस्वर हा तार सप्तकातला गंधार होय. घोडीची जवारी आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा यांमुळे हे उपस्वर ठळक होतात. त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात, हे मला आजही अर्थपूर्ण वाटते.

हे सारे मला पाठ होते. ऐकू मात्र येत नव्हते. आमच्या घरी पेटी होती आणि माझा कान तिच्यावर घडलेला होता. मध्य षड्ज 240 धरला तर तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधाराच्या हिशेबाने मध्य गंधार 300 येतो. पेटीच्या समान अंतरांच्या स्वररचनेत तो सुमारे 302.4 असतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. मी तानपुऱ्यात पेटीचा, जरा चढा, गंधार शोधीत होतो. जो होता तो मला गंधार वाटत नव्हता.

या सूक्ष्म फरकापायी आपल्याकडे मोठी भांडणे झाली आहेत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाचा पाठिंबा. श्रुतींची पेटीही तयार झाली, आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती वादाचा विषय ठरली. दुसऱ्या बाजूला भातखंड्यांनी बारा स्वर आणि दहा थाट यांवर आपली मांडणी उभी केली. त्यांनी बिलावल हे शुद्ध सप्तक मानले, म्हणून आपला गंधार 'शुद्ध'. भरताच्या षड्जग्रामातला गंधार मात्र आजच्या कोमल गंधाराच्या जवळचा होता, असे अभ्यासक मानतात. आपण ज्याला शुद्ध म्हणतो तो नाट्यशास्त्राच्या परिभाषेत दोन श्रुती चढवलेला 'अंतर गंधार'. म्हणजे स्वर तोच, पण शास्त्रातली त्याची जागा आणि त्याचे कूळ बदलत गेले. असो.

मी साहित्य शिकवतो. आनंदवर्धनाने ध्वनीच्या एका प्रकाराला अनुरणनरूप म्हटले आहे: घंटेचा टोल पडून गेल्यावर जसा नाद रेंगाळतो, तसा वाच्यार्थामागून उमटणारा अर्थ. हे सांगताना मी वर्गात तानपुऱ्याचा दाखला देत असे. एखादी कविता वाचून "जाणवले ना?" असे विचारी आणि वर्ग एका सुरात "हो सर" म्हणे. उत्तरपत्रिकांतही व्यंग्यार्थ बिनचूक उतरलेला असे, मार्गदर्शकातल्यासारखाच. मला त्यांचा राग येत नसे. त्या "हो"चा सूर माझ्या ओळखीचा होता.

मला गंधार ऐकू आला तो सातव्या वर्षी, भारनियमनाच्या दिवसांत. वीज गेली, पंखा थांबला. बाई कंदील आणायला आत गेल्या होत्या आणि मी सवयीने खर्ज छेडला. माझ्या बोटांशी ज्याचा काही संबंध नव्हता असा एक स्वर भोपळ्याच्या वर कुठेतरी उभा होता. बाई बाहेर आल्या, पण त्या दिवशी त्यांनी विचारलेच नाही. मीही सांगितले नाही. सांगितले असते तर आधीची सहा वर्षे उघडी पडली असती.

पुढे बाईंना ऐकू येईनासे झाले. अलीकडच्या एका पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो. शेजारच्या घराच्या जागी सात मजली इमारत झाली होती. तानपुरा खोळीतून काढून मी जुळवला. बाईंनी भोपळ्यावर तळहात ठेवला आणि विचारले, "येतो का रे गंधार?"

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "आता येतो. पहिली सहा वर्षं येत नव्हता. मी खोटंच हो म्हणायचो."

मला ते दोनदा सांगावे लागले. मग त्या हसल्या. "मला तरी कुठे येत होता? बुवा विचारायचे, आम्ही सगळ्या माना डोलवायचो."

हात तसाच ठेवून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खर्ज उतरलाय बघ."

मी मणी सरकवून पाहिला. खर्ज खरोखरच किंचित उतरलेला होता.