आर्नोकाठची छत्री

परदेशाहून आलेल्या माणसाच्या घरी पहिल्या रविवारी जायला शहाणी माणसे बिचकतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. पूर्वी निदान आल्बम असत. छत्तीस-छत्तीस फोटोंचे तीन-चार रोळ धुऊन आणले की मामला आटोपे. चहा होईपर्यंत आल्बम या मांडीवरून त्या मांडीवर फिरे, आणि कंटाळलेल्या पाहुण्याला दोन पाने एकदम उलटता येत. आता फोटो टेलिव्हिजनवर दाखवायची सोय झाल्यापासून पाहुण्याचे तेवढेही स्वातंत्र्य गेले. आम्ही इटलीहून आठशेच्या वर फोटो घेऊन आलो होतो. भावाची मंडळी, बिऱ्हाडातली दोन कुटुंबे आणि समोरच्या काकू अशी दहा-बारा माणसे चिवड्याच्या बशा घेऊन बसली आणि मी रोमपासून सुरुवात केली.

कोलोसियम पडद्यावर येताच भावाची बायको म्हणाली, "हे आमच्या बँकेच्या कॅलेंडरवर होतं." मी सांगू लागलो की, हे रंगमंडल इसवी सन 80 मध्ये टायटस बादशहाने खुले केले, इथे पन्नास हजारांच्या आसपास माणसे बसत, 1349 च्या भूकंपात त्याची दक्षिणेची बाजू ढासळली आणि मग ते दगड लोकांनी आपापल्या बांधकामांना नेले. पुतण्या म्हणाला, "काका, यात कोलोसियमपेक्षा तुम्हीच जास्त आलाय." मंडळी हसली. मीही हसलो, पण माझ्या मनाला ते लागले. कारण खरेच होते ते. कोलोसियम सगळ्यांनी आधीच पाहिलेले होते. आम्ही त्याच्यात भर घातली होती ती फक्त आमची.

फ्लॉरेन्सला तरी काही बदल होईल म्हणून मी मोठ्या देवळाचा घुमट काढला. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या सोळा वर्षांत तो उभारला. एवढा मोठा घुमट म्हणजे खाली जमिनीपासून लाकडी आधार हवा. पण त्याने तो न घेता एकात एक अशी दोन कवचे केली आणि विटा अशा तिरप्या गुंफल्या की बांधकामाने स्वतःलाच सावरून धरावे. वर जायला 463 पायऱ्या आहेत. दोनशेनंतर मी मोजणे सोडले होते, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले. तेवढ्यात कोणीतरी जांभई दिली. ती माणसाने दिली की मुलाने हे मी पाहिले नाही.

पुढचा फोटो आला आणि मला ओशाळल्यासारखे झाले. त्यात काहीच नव्हते. गढूळ हिरवट पाणी, काठचे गवत, आणि एका बाजूने येऊन मिळणारा ओढ्यासारखा दुसरा प्रवाह. हा पुसून टाकायचा राहिला होता.

"हे काय रे?" काकूंनी विचारले. इतका वेळ त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या.

"काही नाही काकू, नदी आहे. चुकून आलाय."

"चुकून नाही," आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "तो मी काढलाय. आमच्या महाराजांना जिथं अग्नी दिला ती जागा आहे ती."

आता हे सांगायला हवे की, सौभाग्यवतींचे माहेर कोल्हापूर. फ्लॉरेन्समध्ये आम्हाला मोकळा असा एकच अर्धा दिवस होता. मी त्या अर्ध्या दिवसात मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहायचे ठरवले होते. मूळ पुतळा 1873 पासून अकादमीच्या दालनात आहे; चौकात उभी आहे ती नक्कल. मी म्हटले, एवढ्या लांब येऊन नक्कल पाहून परतायचे? त्यावर त्या म्हणाल्या, "डेव्हिडला पाहायला जग येतं. राजाराम महाराजांना भेटायला इथं कोण येणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ट्राममध्ये बसलो.

गावाच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाकाठाने काशिने नावाचे प्रचंड उद्यान पसरले आहे. ट्रामने आम्हाला त्याच्या पूर्वेच्या टोकाशी सोडले आणि छत्री निघाली पश्चिमेच्या टोकाशी. मधले अंतर साडेतीन किलोमीटर. पूर्वी ही मेदिची घराण्याची शेती आणि शिकारीची जागा होती. पश्चिमेच्या वाऱ्यावरची आपली प्रसिद्ध कविता शेलीला 1819 साली याच नदीकाठच्या रानात सुचली. तीन वर्षांनी हा कवी इटलीच्याच किनाऱ्याजवळ समुद्रात बुडाला आणि व्हियारेज्जोजवळच्या वाळूत त्याचे दहन झाले. हे सगळे मी चालता चालता सांगत होतो. खरे कारण असे की, माझे पाय दुखत होते आणि बोलत राहिल्याने ते कमी जाणवत.

झाडी विरळ झाली आणि एकदम छत्री दिसली. खांब, कमानी, वर घुमट. जणू कोणी पंचगंगेच्या घाटावरून उचलून इथे आणून ठेवावी. आत रंगवलेला अर्धपुतळा. डोक्यावर मंदील, गळ्यात अलंकार, आणि चेहरा अगदी कोवळा. हा पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केला आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्यांच्या आराखड्याप्रमाणे 1884 साली पुरा झाला, तेच हे मँट. छत्री त्याच्या दहा वर्षे आधीची, 1874 ची. सौभाग्यवतींनी जरा दूरच बूट काढले, पुढे गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. कुत्र्याला फिरवायला आलेली एक इटालियन बाई थबकली आणि कुत्र्याला जवळ ओढून उभी राहिली.

"कोण हे महाराज?" भावाच्या बायकोने विचारले. चिवड्याच्या बशा एव्हाना खाली ठेवल्या गेल्या होत्या. मग मी सांगितले.

कोल्हापूरचे छत्रपती, दुसरे राजाराम महाराज. 1866 साली दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा सोळा वर्षांचे होते. इंग्रजी शिकले आणि 1870 साली इंग्लंडला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असे मानणारा तो काळ. बरोबर आपली मंडळी आणि कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी. लंडन पाहिले, पार्लमेंट पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, आणि काय काय पाहिले ते इंग्रजीत टिपून ठेवले. आपण फोटो काढतो, त्यांनी रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर युरोपातून येताना ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वर्षे वीस. ती रोजनिशी वेस्टने 1872 साली लंडनला छापली. घरी येऊन दाखवायचे ते असे पुस्तक होऊन राहिले.

"मग अग्नी कुणी दिला रे?" काकूंनी विचारले.

प्रश्न साधा होता, पण खोलीतले सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. काकूंचा एकुलता एक मुलगा सात वर्षे जर्मनीत आहे. काका गेले तेव्हा त्याला पोहोचायला तिसरा दिवस उजाडला होता. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि याविषयी कोणी कधी बोलत नसे.

मी म्हणालो, "त्यांची स्वतःची माणसं होती, काकू. एकटे नव्हते ते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या देशात माणूस गेला की पुरायचा, जाळायची चाल नव्हती. पण त्यांच्या माणसांनी आपल्या रीतीनंच करायचं म्हणून धरलं, आणि शहरानं परवानगी दिली. आर्नोला मुन्योने नावाची लहान नदी जिथं मिळते तिथं, संगमावर, आपल्या धर्माप्रमाणे सगळं झालं."

"संगम शोधला त्यांनी," काकू म्हणाल्या.

"हो. आमच्याकडे प्रयाग चिखलीला नद्या मिळतात ना, तसाच," सौभाग्यवती म्हणाल्या. "म्हणून तर मी पाण्याचा फोटो काढला. पुतळा तर कुणीही काढील."

त्या जागेजवळून आर्नोवर 1978 साली एक मोठा पूल पुरा झाला. त्या पुलाला नाव काय द्यावे? पोन्ते आल इंदियानो. म्हणजे हिंदी माणसाकडचा पूल. रोज त्यावरून हजारो मोटारी जातात. वीस वर्षांचा एक परका मुलगा गावात येऊन चार दिवसांत गेला, तर गावाने त्याचा पत्ता असा जपून ठेवला. हे मी सांगितले तेव्हा काकूंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "चांगली माणसं असतील हो."

पुतण्याने पुढचा फोटो काढायला हात पुढे केला. काकू म्हणाल्या, "थांब रे जरा. राहू दे तो."

मग तो गढूळ पाण्याचा फोटो आमच्या भिंतीवर बराच वेळ राहिला. मंडळी हळूहळू आपल्या आठवणींवर आली. कोणाचे आजोबा बसऱ्याला लढाईत गेले ते आलेच नाहीत. कोणाच्या आत्याला रंगूनहून पायी यावे लागले, आणि वाटेत मूल गेले. आमच्या इटलीच्या सहलीचे नाव मागे पडले, आणि मला त्याचे काही वाटले नाही.

निघताना काकू दारात थांबल्या. "तो नदीचा फोटो मला पाठव. आमच्या चिरंजिवांना पाठवीन म्हणते. त्याला सुट्टी असते तेव्हा कुठं कुठं हिंडतो तो. म्हणावं, तिकडे गेलास तर एकदा जाऊन ये." मी तिथल्या तिथे पाठवला. जिना उतरता उतरता त्या मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहत होत्या, म्हणून सौभाग्यवतींनी पुतण्याला त्यांच्या सोबतीला धाडले.

पिसाचा मनोरा मात्र त्या रात्री दाखवायचा राहूनच गेला. तळहाताने तो सावरून धरल्याचे माझे अकरा फोटो आहेत. ते अजून कोणी मागितलेले नाहीत.