चढ, जाते आणि विजेची सायकल

खानदेश म्हणजे तापीकाठची सपाट काळी जमीन, अशी बाहेरच्यांची समजूत असते. पण जळगावहून पश्चिमेला निघून बांभोरीजवळ गिरणा ओलांडली की विद्यापीठाचा चढ लागतो, आणि धुळ्याहून दक्षिणेला जावे तर लळिंगचा घाट समोर येतो. त्यात मे महिन्यातले 45 अंशांचे ऊन आणि शहरातल्या चौकांची कोंडी. या वाटेवर मी विजेची सायकल चालवतो. पायडल मारावेच लागते. मोटर केवळ मागून हात लावते.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप वाङ्मयीन होता. श्रम गेले की अनुभवही जातो. बहिणाबाई जात्यावर बसल्या म्हणून गाणी झाली, असे ते म्हणाले. हा युक्तिवाद मला अर्धाच खरा वाटतो. जात्याने लय दिली असेल. पण अक्षरओळख नसलेल्या त्या बाईची गाणी उरली, ती सोपानदेवांसारख्यांनी टिपून ठेवली म्हणून. पुस्तक निघाले 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. कष्टांनी गाणे दिले आणि कष्टांनीच ते जवळजवळ गिळले, असेही म्हणता येईल. 2018 पासून ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, तेथे पोचेपर्यंतच एखाद्या विद्यार्थिनीची शक्ती संपावी, हा त्या कष्टांचा गौरव नव्हे. शेवटच्या बसच्या धास्तीने ग्रंथालयातून उठणाऱ्या मुली मी पाहतो. प्रश्न त्यांच्या त्या एका तासाचा आहे.

हिशेब साधा आहे. सायकलसह 100 किलो वजन 50 मीटर उंच चढवायला सुमारे 14 वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमधली घट धरली तरी तीनशे वॅट-तासांच्या बॅटरीला ते जड नाही. शिवाय 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनाला परवाना वा नोंदणी लागत नाही.

ही वीज निष्पाप आहे, असा माझा दावा नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो. पण साक्रीच्या माळावर 125 मेगावॉटचा सौर प्रकल्पही उभा आहे. जे ऊन आपल्याला छळते, तेच तेथे वीज होते.

महाविद्यालयांनी सायकल चालवण्यावर व्याख्याने ठेवू नयेत. सावलीचे वाहनतळ, तेथे चार्जिंगची सोय आणि महामार्गाच्या कडेला ट्रकांपासून वेगळी सुरक्षित पट्टी मागावी. पट्टीवाचून बाकीचे सारे व्यर्थ आहे. चढ मोटर सोपा करील, ट्रक नाही.