रनवे डावीकडे का?

आमच्या घाटकोपरच्या घरावरून विमानं इतकी खाली येतात, की गॅलरीत बोलणाऱ्याला वाक्य अर्धवट सोडावं लागतं. ती विमानतळाच्या धावपट्टी २७ वर उतरायला निघालेली असतात. २७ म्हणजे साधारण २७० अंश, सरळ पश्चिम. हे मला माझ्या लेकीनं सांगितलं. ती बारावी सायन्सला आहे. भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फ्लाइटगिअर नावाचं फुकट मिळणारं सिम्युलेटर चालवते. तिला पायलट व्हायचंय.

पावसाळ्यातल्या एका रविवारी तिनं मला ओढून नेलं. "अम्मी, बघ ना. सुई अगदी मध्ये ठेवली होती. ढगातून बाहेर आले तर रनवे डावीकडे! सॉफ्टवेअरच चुकलंय."

विमानातलं मला काही कळत नाही. पण 'पुस्तकातलं उत्तरच चुकलंय' म्हणणारी मुलं मी शाळेत रोज बघते. म्हटलं, आधी आपली बाजू तपासू. दोन संध्याकाळी आम्ही दोघींनी वाचत काढल्या.

झालं होतं असं. मोठ्या विमानतळांवर आयएलएस असतं. ते विमानाला डावं-उजवं दाखवतं आणि किती खाली यायचं तेही दाखवतं. पण लेकीनं निवडलेला मार्ग व्हीओआरचा होता. हे जमिनीवरचं रेडिओ केंद्र फक्त दिशा सांगतं, उंची सांगत नाही. म्हणून याला नॉन-प्रिसिजन म्हणतात. प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उतरायचं, हा हिशोब पायलटनं स्वतः ठेवायचा. आमच्या पाठ टाचणात जसं दहाव्या मिनिटाला कुठे पोचायचं ते लिहिलेलं असतं, तसं इथे कोणत्या अंतरावर किती उंची हवी ते नकाशावर छापलेलं असतं.

आणि हे केंद्र धावपट्टीच्या रेषेत असेलच असं नाही. कधी ते बाजूला असतं, कधी सरळ रेषेत डोंगर असतो. मग अंतिम मार्ग धावपट्टीशी तिरका आखतात. लहान विमानांसाठी आंतरराष्ट्रीय नियमात हा कोन ३० अंशांपर्यंत चालतो. शिवाय लेकीच्या खिडकीत वाराही उजवीकडून होता. त्यानं वाहून जाऊ नये म्हणून विमानाचं नाक आधीच उजवीकडे वळवावं लागतं, मग समोरचं सगळं आणखी सरकलेलं दिसतं. वर सुईची बारीक चूकही लहान नसते. ५ सागरी मैलांवर १ अंश चुकला तर विमान सुमारे १६० मीटर बाजूला जातं, आणि मोठी धावपट्टी रुंदीला असते ४५ ते ६० मीटर. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर होतं. सुई धावपट्टीच्या जवळ आणून सोडते. पुढचं वळण डोळ्यांनी बघून घ्यायचं.

मला आमची खोली आठवली. मुंबईहून किबला सुमारे २८० अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या जरा उत्तरेला. चाळ बांधणाऱ्यानं भिंती रस्त्याच्या रेषेत घातल्या, म्हणून आमची जानमाज कायम फरशीला तिरकी अंथरलेली असते. नवा पाहुणा ती सरळ करायला जातो आणि लेक हसते. ती म्हणाली, "अम्मी, भिंत म्हणजे सुई समज."

पण डोळ्यांवर तरी किती विसंबायचं? २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. दोन्ही विमानतळ जवळजवळ, मुख्य धावपट्ट्याही जवळपास एकाच दिशेच्या. जुहूची मात्र जेमतेम अकराशे मीटरची. विमान टोक ओलांडून पुढे गेलं आणि निकामी झालं. सुदैवानं जीव कोणाचा गेला नाही. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेटही असंच जुहूला उतरलं होतं. धावपट्टी दिसली होती, पण ती आपली नव्हती.

उलटी चूक फार महाग पडली. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून येणारं अलिटालियाचं डीसी-८ मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर आधी, जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जास्त जवळ आलोय असं वैमानिकांना वाटलं आणि ते लवकर खाली आले. त्यांना यायचं होतं आमच्याच बाजूनं, पूर्वेकडून.

हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ गप्प होते. कारण माझ्या पर्समध्ये एक कागद होता. एका फ्लाइंग क्लासच्या माणसानं 'जागा भरतायत, आत्ताच बुकिंग करा' म्हणून फोनवर फोन केले होते. सगळा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. मी घाईघाईनं भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढायचा अर्ज भरून ठेवला होता. लेकीची क्लास टू मेडिकलही अजून झालेली नव्हती. डोळे, कान, हृदय, काहीच तपासलेलं नाही, आणि मी उतरायला निघाले होते.

नॉन-प्रिसिजनमध्ये एक किमान उंची ठरलेली असते. धावपट्टी दिसेपर्यंत तिच्याखाली जायचं नाही. ठरलेल्या ठिकाणापर्यंत दिसली नाही, तर इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर. त्यात कमीपणा काही नाही, नकाशावर तो मार्गही आधीच छापलेला असतो.

त्या रात्री लेकीनं तोच मार्ग पुन्हा उडवला. मुद्दाम ढग आणखी खाली ओढले. किमान उंचीवर सगळं पांढरंच. मी शेजारी बसून म्हणाले, "थोडं खाली जा, दिसेल."

"नाही अम्मी," म्हणत तिनं विमान वर घेतलं.

मी अर्ज कपाटात ठेवला. फाडला नाही. सोमवारी मेडिकलसाठी डॉक्टरांची वेळ घेतली.