उजळणी

मधे आमचा संगणक आजारी होता. आजारी म्हणजे कसा, तर चालत होता अगदी झकास! चुका मात्र गुपचूप करत होता.

झालं असं. यंदा जानेवारीत नातू नागपूरला आला, तेव्हा त्याने माझ्या संगणकाची मेमरी 'ओव्हरक्लॉक' केली. म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची. डीडीआर४ च्या पट्ट्यांवर ३२०० लिहिलेलं, याने ३६०० वर नेलं. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवलं. सकाळी चुका शून्य. "आजी, बघ!" म्हणाला. मीही कौतुकाने बघितलं.

मे महिन्यात मी आईच्या ओव्यांचं काम काढलं. १९८४ साली तिच्या आवाजात आठ कॅसेट भरून घेतल्या होत्या. त्या संगणकात उतरवल्या, झिप करून ठेवल्या आणि जागा हवी म्हणून मूळ फाइली पुसल्या. आठवड्याने बघते तर दोन झिप उघडेनात. 'सीआरसी एरर'. म्हणजे ठेवतानाची बेरीज आता जुळत नाही. बाकी कॅसेट होत्याच, पण पाचवीची फीत उतरवून झाल्यावर तुटली होती. आणि न उघडणाऱ्या दोनांत नेमकी पाचवी! पोटात धस्स झालं.

सुट्टीत आलेल्या नातवाने पुन्हा मेमटेस्ट लावलं. तासाभरात पडदा लाल. मग तो खाली मान घालून सांगू लागला. मेमरीच्या प्रत्येक घरात विजेचा इवलासा साठा असतो, तो सतत गळतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळी घरं एकदा भरून घ्यावी लागतात. त्यासाठी साधारण ७.८ मायक्रोसेकंदांनी एक हुकूम सुटतो, आणि तेवढा वेळ दुसरं काम थांबतं. तो वेळ वाचावा म्हणून याने दोन हुकमांमधलं अंतर जवळजवळ पाचपट केलं होतं. थंडीत ते खपलं. पण उष्णतेने गळती वाढते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर! मोठ्या सर्व्हरमध्ये चूक धरणारी ईसीसी मेमरी असते, घरच्या साध्या पट्ट्यांत ती सोय नसते. त्यामुळे चुकीचं ते बरोबर समजून लिहिलं गेलं.

मी म्हटलं, "अरे, म्हणजे तू उजळणी बंद केलीस!"

खरं सांगू? त्याच्यावर रागावताच येईना. वर्गात मीही हेच केलं आहे. पोर्शन संपवायच्या घाईत पाढ्यांची उजळणी सोडली, मुलांनी माना डोलावल्या, साहेबांच्या तपासणीत वर्ग हुशारही ठरला. वार्षिक परीक्षेत मात्र सतराचा पाढा कोणालाच येईना. नापास झालेल्या मुलांना मी आळशी म्हटलं होतं. ते अजून सलतं.

नातू आधी व्होल्टेज १.३५ वरून आणखी वाढवायचं म्हणत होता. मी म्हटलं, त्याने तापणार नाही का? हसला. मग वेग पुन्हा ३२०० वर आणला, उजळणीचं अंतर पूर्ववत केलं आणि यावेळी परीक्षा भर दुपारी घेतली, कूलर बंद ठेवून! आम्ही दोघं घामाने निथळलो, पण चारही फेऱ्यांत एकही चूक नाही. एक जरी आली असती तरी नापासच धरायचं, असं ठरलं होतं. वेगातला फरक मला काडीचाही जाणवत नाही.

पाचव्या कॅसेटची फीत ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने जोडून दिली. चुरगळलेला तुकडा कापावा लागला, तिथली एक ओवी अर्धीच राहिली. उरलेली अर्धी मला आठवते असं वाटत होतं, पण काल म्हणून पाहिली तर शब्द सापडेनात.

चाळीस वर्षांत एकदाही म्हटली नव्हती ना.