मामांची फ्लॉपी

परवा शनिवारी माळ्यावरचा एक जुना खोका आवरत होतो. त्यात वायरी, मेलेले चार्जर वगैरे नेहमीचा कचरा, आणि तळाशी एक फ्लॉपी. लेबलवर निळ्या बॉलपेननं, मास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘इमर्जन्सी. हात लावू नये.’ बायकोनं विचारलं, टाकू का? म्हटलं, नको. ती घालायला घरात एकही मशीन उरलेलं नाही, तरी नको.

गोष्ट आहे मे २००६ ची. पुण्यात नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती आणि सुट्टी घेऊन मी अकोल्याला घरी आलो होतो. अकोल्याचा मे ज्यांनी सोसलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी सोसला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी कूलरसमोर आडवा पडलो होतो, तेवढ्यात अमरावतीहून मामांचा फोन.

"बाबू, कम्पूटर गेला रे आपला."

"गेला म्हणजे? काय दाखवून राह्यला?"

"काय दाखवते? काळं. मंग म्या इमर्जन्सी फ्लॉपी टाकली, तं चालू झाला. पण सी ड्राइव्हमधलं सारं गायब. भलत्याच पंधरा-वीस फायली हायेत तिथं." मग जरा थांबून म्हणाले, "बाईचं बी नाई."

बाई म्हणजे मामांची आई, माझी आजी. मामा रिटायर्ड प्रायमरी मास्तर. रिटायर झाल्यावर हौसेनं कॉम्प्युटर घेतला, एक साधा माइक घेतला आणि आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसवलं. विंडोजचा साउंड रेकॉर्डर एका वेळी ६० सेकंदच रेकॉर्ड करायचा. त्यामुळे आजी रंगात आली की मशीन थांबायचं आणि ती वैतागायची, "आता कुठं सूर लागला, तं तुहा डब्बा बंद!" अशा ४१ फायली झाल्या होत्या. फोल्डरचं नाव ‘बाई’. २००५ च्या नोव्हेंबरात आजी गेली. तेव्हा मी मामांना म्हटलं होतं, पुढच्या वेळी आलो की याची सीडी करून देतो. ती ‘पुढची वेळ’ म्हणजे हा मे महिना.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्यानं ‘डेटा उडाला, फॉरमॅट मारावं लागेल’ असं सांगून टाकलं होतं. पण मामांनी त्याला थोपवून धरलं होतं. "भाचा येऊन राह्यला, तंवर हात लावू नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर, मग बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती. बॅगेत नॉपिक्सची एक सीडी होती. क्लाउस क्नोपर नावाच्या जर्मन माणसानं २००० साली हे लिनक्स पहिल्यांदा बाहेर काढलं. अख्खी सिस्टीम सीडीवरून आणि मेमरीतून चालते, हार्डडिस्कला धक्काही लागत नाही. म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप बिघडलंय, तर परसदारानं आत शिरायचं.

मामांच्या फ्लॉपीचं कोडं पाचच मिनिटांत सुटलं. ती होती विंडोज ९८ ची स्टार्टअप डिस्क, आणि मशीनवर होतं एक्सपी. एक्सपीची हार्डडिस्क एनटीएफएस पद्धतीनं मांडलेली, आणि फ्लॉपीवरच्या डॉसला एनटीएफएस वाचताच येत नाही. त्याच्या दृष्टीनं डिस्कवर काही नाहीच. पुढची गंमत अशी की ही फ्लॉपी मेमरीत २ एमबीची एक तात्पुरती ड्राइव्ह तयार करते, दुरुस्तीची हत्यारं तिच्यात उघडते आणि तिला मोकळं असलेलं पहिलं अक्षर देते. खरी डिस्क दिसतच नसल्यामुळे ते अक्षर होतं ‘सी’! मामांनी बघितलेल्या भलत्याच फायली म्हणजे ती हत्यारं. घर जागेवर होतं, मामा चुकीच्या दारात उभे होते. पण त्याच फ्लॉपीत एफडिस्कसुद्धा होता. कुणी ‘नवीन पार्टिशन करून बघू’ म्हटलं असतं, तर घरही गेलं असतं.

नॉपिक्स चालू झालं. डिस्क दिसली. माय डॉक्युमेंट्स दिसलं. त्यात ‘बाई’. एका फाइलवर क्लिक केलं आणि आजीचा आवाज खोलीत आला. मामा कूलरचा आवाज कमी करायला उठले आणि तिथेच उभे राहिले.

आता माझी चूक सांगतो. माझ्या खिशात १२८ एमबीचा पेनड्राइव्ह होता. फोल्डर जेमतेम ५५ एमबीचा. काही मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मला वाटलं, फायली दिसतायत म्हणजे सुरक्षित आहेत. आधी मशीन बरं करू, विंडोज चालू करून मामांना दाखवू, कॉपी काय, सावकाश होईल. शेजारचे दोघेजण बघायला आले होते, पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आला म्हणून. खरं कारण तेच असावं.

एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडला आणि चेकडिस्क लावला, खराब सेक्टर शोधून दुरुस्त करणारा. डिस्क मधूनच टक्-टक् करत होती. मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खी पृष्ठभागावरून फिरवणं म्हणजे हार्ट पेशंटला जिने चढवणं, हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. टक्केवारी साठीच्या पुढे गेली आणि लाइट गेली.

लोडशेडिंग. वेळापत्रक समोरच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं, मामांच्याच अक्षरात. मी बघितलं नव्हतं. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली.

लाइट आल्यावर पुन्हा नॉपिक्स लावलं. माय डॉक्युमेंट्स उघडेना. ‘बाई’ नव्हतं.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पण मंघा वाजलं होतं न रे?"

डिस्क काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि मांडीवर घेऊन अकोल्याला परतलो. या वेळी शहाणपणा उशिरा का होईना, पण आला. भावाच्या मशीनमध्ये जंपर बदलून ती दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि दुरुस्तीचं नावही न काढता आधी तिची जशीच्या तशी नक्कल करायला घेतली. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरला. हा प्रोग्राम आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो आणि खराब जागांशी झटापट शेवटी करतो. कुठवर आलो याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मधेच थांबला तरी तिथून पुढे सुरू करता येतो. अकोल्यातसुद्धा लाइट जायचीच. तीन दिवस तो थांबत-सुरू होत राहिला.

मग त्या नकलेवर फोटोरेक चालवला. नाव फोटोचं असलं तरी तो बऱ्याच प्रकारच्या फायली शोधतो. डिरेक्टरी उद्ध्वस्त झालेली असली तरी फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून तिला ओळखून बाहेर काढतो. फक्त नावं परत मिळत नाहीत, नुसते नंबर मिळतात. ३४ फायली मिळाल्या. काही मधेच तुटलेल्या, काहींत खरखर. सात मिळाल्याच नाहीत.

रात्री आई बाजेवर बसून एकेक ऐकत होती आणि मी तिला विचारून नावं देत होतो. ही दळणाची. ही नागपंचमीची. ही माहेरची. एका फाइलमध्ये ओवी नव्हतीच, आजी नुसती विचारत होती, सुरू झालं का? आई म्हणाली, ही पण ठेव.

हरवलेल्या सातांचे शब्द मामांच्या वहीत आहेत, त्यांनी सगळ्या ओव्या आधी हातानं उतरवून घेतल्या होत्या. म्हणजे बॅकअप होता, तोही माझ्यापेक्षा जास्त काळजीनं घेतलेला. आवाज तेवढा नाही.

असो. यातलं आज किती लागू आहे, असं कुणी विचारेल. सीडी गेल्या, बूट करायला आता पेनड्राइव्ह आला, पण परसदार अजून लागतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बसली, हा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीतून आत शिरायचं आणि एक फाइल उडवायची. पण ज्यांच्या डिस्कला बिटलॉकर होतं, त्यांना आत शिरायला ४८ आकडी किल्ली लागत होती. तुमच्या लॅपटॉपची डिस्कही कदाचित अशीच कुलूपबंद असेल. किल्ली कुठे ठेवलीय, आत्ता बघून ठेवा. आणि एसएसडीवरून पुसलेली फाइल फोटोरेकनं परत मिळेलच या भरवशावर राहू नका. डिस्क ती जागा स्वतःच साफ करून टाकते.

बूट डिस्क मशीन उठवते, डेटा वाचवत नाही. तिच्यामुळे हातात थोडा वेळ मिळतो, एवढंच. त्या वेळात काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. मी ते शेजाऱ्यांसमोर ठरवलं.

बॅकअपचा जुना नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. आमच्याकडे तो अगदी शब्दशः पाळला जातो. अमरावतीच्या फायलींची डिस्क अकोल्यात आईच्या कपाटात, आणि अकोल्याच्या घरातल्या फोटोंची अमरावतीला मामांकडे. दिवाळीला अदलाबदल होते. मामा दर वेळी विचारतात, "उघडून पायलं का? वाजते न?" त्यांच्यासमोर एक फाइल वाजवून दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही.

फ्लॉपी मी पुन्हा खोक्यात ठेवली. तुमच्या घरात कुणाचा आवाज, कुणाची वही, कुणाचे फोटो एकाच ठिकाणी पडून असतील, तर ‘पुढच्या वेळी’ म्हणू नका. आज कॉपी करा. दुरुस्ती उद्या केली तरी चालेल.