पूर्वपक्षाची शिस्त

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. समाजमाध्यमांवर निर्णयाचा समर्थक 'भक्त' ठरत होता आणि विरोधक 'देशद्रोही'. अशा वादात धसईसारखे गाव, गाव म्हणून उरत नाही. एका पक्षासाठी ते यशाचा दाखला होते, दुसऱ्यासाठी देखाव्याचा. स्वाइप मशीनला रेंज मिळते का, व्यवहारावरचे शुल्क कोण सोसतो, हे विचारणारा मात्र दोघांनाही नकोसा. शिवी हे असभ्यतेचे केवळ बाह्य रूप होय. समोरच्याचे म्हणणे न ऐकताच त्याला नाव ठेवणे, ही तिची सुरुवात.

तथापि सभ्यतेचा आग्रह धरताना सावध राहावे लागते. याच ठाणे जिल्ह्यात पालघर असताना, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर नापसंती लिहिली. दुसरीने तो मजकूर 'लाइक' केला. दोघींनाही अटक झाली. मजकुरात शिवी नव्हती, मतभेद होता. ज्या कलम ६६-अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. लोकांच्या भावना दुखावल्या, एवढ्यावरून बोलणारा असभ्य ठरू लागला, तर सभ्यता आणि मौन यांत भेद उरणार नाही.

मग मर्यादा कोणती मानावी? आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष आधी मांडावा लागे, खंडन नंतर. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याखेरीज उत्तराला वजन येत नसे. ती चर्चा मूठभरांची होती, बहुसंख्यांना तिथे प्रवेशच नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आज शेतमजुराच्या मुलीच्याही हाती फोन आहे आणि तिला मत आहे. म्हणून ती जुनी शिस्त आता सर्वांची व्हायला हवी.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना न पटणाऱ्या लेखाचा सारांश प्रथम लिहायला सांगतो. लेखकाने वाचला तर 'होय, मी हेच म्हणालो' असे त्याला वाटावे, एवढीच अट. टीका त्यानंतर कितीही कठोर असो. हे काम अवघड जाते. पुष्कळांचा राग सारांश लिहितानाच ओसरतो, काहींचा अधिक नेमका होतो. आम्हांस दोन्ही मान्य आहे.