टाकीतला टी

आमच्या शिरपूरची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. येथले अंतरिक्ष पार्श्वनाथ जमिनीला न टेकता विराजमान आहेत अशी श्रद्धा आहे. आमच्या घरांचे भाग्य तेवढे थोर नाही, ती जमिनीबरोबर हलतात! भिंतीची चीर दिसते तरी. जमिनीखालचा पाईप मात्र मुकाट्याने सांध्यात निखळतो.

यंदा आमच्या संडासाच्या टाकीचे तसेच झाले. टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणारा जुना सिमेंटचा पाईप निखळला आणि त्या ओढीने टाकीतला टी तुटला. हा टी फार महत्त्वाचा. त्याचे खालचे टोक टाकीतल्या मधल्या पाण्यात बुडलेले असते, म्हणून वरची साय आणि तळाचा गाळ आत राहतो व फक्त पाणी बाहेर पडते. तो तुटला की सगळेच पुढे जाते आणि शोषखड्डा बुजतो.

काम करायला आलेला मुलगा विशीतला. गाडी येऊन टाकी उपसून गेली, तसा तो चप्पल काढून म्हणाला, "सर, मी उतरतो न. पाच मिन्टाचं काम हाय."

मी झाकणाजवळच उभा राहिलो. म्हटलं, "बाबू, उतरायचं नाही."

त्याला वाटले, सरांना सोवळे आठवले. तसे नव्हते. उपसलेल्या टाकीतही वायू असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो वायू फार झाला तर नाकाला वासच कळेनासा होतो. माणसाला वाटते, हवा स्वच्छ झाली! पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो... अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. 2013 च्या कायद्याने, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण आईला तीस लाखांचे काय करायचे?

"मग टी कसा बसवू?" त्याचा प्रश्न रास्त होता. झाकण बरोबर त्या जागेवरच होते. टी दोरीने वरून सोडला, तारेच्या आकड्याने जागेवर धरला आणि बाहेरून चार इंची पीव्हीसी पाईप भिंतीतून त्याच्या तोंडात सारला. तीनदा हुकले. पाच मिनिटांच्या कामाला दीड तास लागला, त्याची मजुरी वेगळी दिली. ती द्यायलाच हवी, नाहीतर पुढच्या घरी तो पुन्हा चप्पल काढणार.

चरात काळी माती परत न लोटता पाईपच्या खाली-वर वाळू घातली, म्हणजे जमीन हलली तरी पाईपला जागा राहील. उतार चार फुटांना साधारण एक इंच.

दोन बादल्या ओतल्या. पाणी न अडता गेले. त्याने दोरी-आकड्याचा मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला, म्हणे.